रहिवासाचा दाखला

दांडिया बाजारात, होमिओपॅथीच्या दुकानावर,
एकोणीस पायऱ्या चढून केयूरभाईंचं ऑफिस.
पंख्याखाली कागद, कागदांवर दगड,
त्यातला एक नर्मदेतला, गुळगुळीत.
"बेन, तुम्ही वडोदऱ्यात आहात हे मला दिसतंय.
पण माझ्या दिसण्याला किंमत नाही ना."

मग दिवस मोजायला बसलो.
पासपोर्टात निळे-जांभळे शिक्के,
काही अर्धेच उमटलेले,
जणू शिक्का मारताना साहेबांना जांभई आली.
उतरल्याचा दिवस धरायचा, उडाल्याचा धरायचा का?
केयूरभाई कॅलेंडरवर पेन्सिलीने ठिपके देतात
आणि मध्येच विचारतात,
"ही दिवाळी कुठली, इथली की तिथली?"
एकशे ब्याऐंशी भरले की मी इथली.
मी दोनशे सात निघाले.
वाटलं, कुणीतरी पेढे आणावेत.

स्टाव्हान्गरचं कर-कार्यालय पेढ्यांवर विरघळत नाही.
एकवीस वर्षं तिथे मी समुद्राखालच्या तेलाचे नमुने
काचेच्या नळीत हलवून पाहिले,
आणि कर भरला, एकदाही उशीर नाही.
त्यांचं पत्र नम्र असतं, नावाने हाक मारतं:
प्रिय मृणाल, तुम्ही गेलात असं तुम्ही म्हणता.
कृपया तसं दाखवा.

जाणं कसं दाखवतात?
घर विकल्याचा करार पाठवला.
गाडीच्या पाट्या परत केल्याची पावती पाठवली.
वाचनालयाचं कार्ड त्यांनी मागितलं नाही,
ते अजून पर्समध्ये आहे,
कांद्या-बटाट्याच्या हिशेबाशेजारी.
इकडून विजेचं बिल, गुजरातीत,
त्यावर मी मृणालिनीबेन. असू दे.
कारेलीबागेतली भाजीवाली मला आधी "नवां बेन" म्हणायची,
आषाढापासून नुसतं "बेन" म्हणते.
याची साक्षांकित प्रत कुठे मिळते?

प्रश्न चौथा.
तिथे एखादी राहती जागा तुमच्या वापरासाठी उपलब्ध आहे का?
मी "नाही" लिहिलं, सहज,
आणि त्याच संध्याकाळी निषादचा मेसेज:
आई, नवीन सोफा घेतलाय, उघडला की पलंग होतो,
तुझ्यासाठीच. कधीही ये.
केयूरभाईंनी चष्मा कपाळावर नेला.
"'कधीही' हा शब्द फार वाईट आहे, बेन."

म्हणून मी माझ्या मुलाला फोन करून सांगितलं
की लिहून दे.
काय लिहून देऊ?
की तुझ्या घरी मला जागा नाही.
पलीकडे बराच वेळ फक्त पाऊस, तिथला, आडवा.
मग म्हणाला, "मराठीत लिहू की त्यांच्या भाषेत?"

आठ दिवसांनी कागद आला.
माझी आई माझ्याकडे राहत नाही.
तिच्यासाठी येथे जागा राखून ठेवलेली नाही.
खाली सही. 'न' चा पाय अजून तसाच फरफटत जातो,
चौथीतल्या वहीत जायचा तसा;
त्यावरून मी त्याला किती बोलले होते.
केयूरभाई खूश. "सरस! आवुं ज जोईतुं हतुं."
पंचिंग मशीनचा खटका,
आणि माझ्या मुलाचा नकार
बरोबर दोन भोकांत फाइलला लागला.

वर्षातून एकसष्ट दिवस जाता येतं.
म्हणजे एकसष्ट दिवसांपर्यंत आई असता येतं,
बासष्टाव्या दिवशी करपात्र.

काल रात्री विचारलंच:
सोफा ठेवलायस का विकलास?
"आहे. त्यावर कपडे वाळत घालतो."
उघडतोस कधी?
"उघडाच असतो गं. मिटायचा कंटाळा येतो."
बरं, म्हटलं,
पण हे लिहू नकोस कुठे.